सलाईनवरचं इंजन

१२ जानेवारी, सोमवार

परत आलं! तेच इंजन!

शुक्रवारी मी त्यात नवीन प्लग टाकून दिलता. खुशालभाऊसमोर एका दोरीत चालू करून दाखवलंतं. अन् आज दुपारी वच्छलाकाकू ते आटोत घालून घेऊन आली. आटोतून उतरली नाई तोच सुरू — "कुठी हाय तो बार्शीटाकळीचा मिस्तरी? त्याले म्हणा, तुही लेक माहेरी आली!"

सगळं गॅरेज हसलं. सगळं म्हणजे खुशालभाऊ मालक अन् वेल्डिंगवाला देवीदास. दोघंच हायेत, पण हसतेत लग्नाच्या पंगतीवानी.

काकूचं मोर्शीच्या बाहेर नाल्याकाठी झेंडूचं वावर हाय. थोडी भाजीबी हाय. लाइन कधी येईन याचा नेम नाई, म्हणून हे पेट्रोलचं लहान इंजन पंपाले जोडून नाल्यातलं पाणी ओढतेत. तक्रार तीच — सुरू मस्त होते, जरा वेळानं मिसिंग मारते. फट्फट्... फट्... फट्... अन् जीव सोडते. थोडं थांबून दोरी ओढली का पुन्हा सुरू. पुन्हा फट्.

खुशालभाऊची एक रीत हाय. ज्याचं काम परत येते, त्याच गाडीतून काढलेला जुना प्लग त्या माणसाच्या डोक्यावर दोरीत ओवून टांगायचा. देवीदासवर वेल्डिंग तुटल्याबद्दल दोन टांगेल हायेत, त्यावर धूळ बसली. माह्यावर आज पहिला टांगला. भाऊनं सोता गाठ मारली अन् मागं सरून पाह्यलं.

"शोभतो," म्हणे.


१३ जानेवारी, मंगळवार

आज कारबोरेटर खोलला. मले वाटलं चिमूटभर तरी कचरा निघंन. काहीच नाई! आरशावानी साफ. तरी धुतला, जेटमधून हवा मारली, जोडला. टाकी काढून बाजूले ठेवली, सलाईन लावलं, दोरी ओढली — एकदम गाणं! दुपारपासून पाच वाजेलोक चाललं. एक फट् नाई.

संध्याकाळी बाबाचा फोन. माहा बाप हॅलो म्हणत नाई. फोन उचलला का एकच — "कुठी आहेस आता?"

"मोर्शीतच हाय बाबा."

"अजून?"

मी सांगतलं, इंजनाले सलाईन लावलं तं आता बरं हाय. बाबा घाबरला. "कोणाले लागलं बे?" मंग समजावून सांगाव लागलं — दवाखान्यातली रिकामी बाटली असते, त्यात पेट्रोल भरायचं, वर खिळ्याले टांगायची, नळी सरळ कारबोरेटरमंधी. टाकी काढेल असली तरी इंजन चालवून पाहाता येते. सगळेच मिस्तरी करतेत.

बाबा म्हणे, "तुह्या आईले नको सांगू. सलाईन आयकलं का ते रडते."

त्याचा 'कुठी आहेस' खोटा नाई. आठवीत शाळा सोडली तवापासून फिरून राह्यलो. अकोल्याच्या जुन्या शहरात मोटरसायकलीचं गॅरेज, तथून अमरावतीले टायरचं दुकान, तथून सुरतले साडीचे गठ्ठे. कुठी मालक आवडला नाई, कुठी मी मालकाले. कधी तं कोणीच काही बोललं नाई अन् मी सकाळी उठून बस पकडली. आई म्हणते पायाले भिंगरी हाय.

पण या बारीनं मले जायचं नाई. खुशालभाऊ हात धरून शिकवते. शिव्याबी देते, पण शिकवून देते. इथं राहायचं हाय मले. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या सकाळी विसरायचो नाई.


१६ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस नदीत टाकायच्या लायकीचा.

भाऊ म्हणे, स्वतः वावरात नेऊन दे, पाणी सुरू करून दे, मंग ये. मोटरसायकलच्या मागं इंजन बांधलं. ऐट अशी का जशी नवरी आणून राह्यलो.

वावराच्या मेरेवर, बांधाच्या कडेले, फुलांचा ढीग. एका बाजूले काकू, एका बाजूले तिची पोरगी, ज्योत्स्ना. अमरावतीहून कॉलेज करून आली. दोघी हार करतेत अन् भांडतेत. पोरगी रिळाच्या पांढऱ्या दोऱ्यात ओवते. काकू केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा दोरा करून, भिजवून, त्यात गाठी मारते. म्हणते रिळाचा दोरा फूल कापते. पोरगी म्हणते, तुह्या एका हारात माहे तीन होतेत.

मी पाइप जोडला, दोरी ओढली, पाणी धो धो! मी कमरेवर हात ठेवून उभा.

ज्योत्स्ना मान वर न करता म्हणे, "मिस्तरी, जाऊ नका. चहा ठेवते. चहा होईलोक ते बंद पडते."

मी म्हटलं, आता नाई पडत.

चुलीवर पाण्याले आधण यायच्या आत — फट्!

चोक ओढला तं थोडं सावरलं, पुन्हा फट्. काकूनं हार खाली ठेवला अन् घागर उचलली. तेच जास्त लागलं. ज्योत्स्नानं कप हातात दिला अन् म्हणे, "तुमच्यापेक्षा माही आई बरी. ते नुसती पेट्रोल हाय का पाहाले झाकण उघडते अन् इंजन सुरू होते. हाताले गुण हाय तिच्या. तुमी तुमचा हात दाखवून आणा कोणाले तरी."

चहा तसाच घशाखाली घातला अन् इंजन पुन्हा गाडीले बांधलं.

गॅरेजात दुसरा प्लग टांगला. या बारीनं भाऊ हसला नाई. म्हणे, "गोपाल, लोकं इथं माह्या नावानं येतेत, तुह्या नाई. दोनदा झालं. तिसऱ्यांदा हे इंजन आलं तं तू बार्शीटाकळीची बस पकडजो. मी रागानं नाई सांगून राह्यलो."

रागानं सांगतलं असतं तं बरं झालं असतं. राग उतरते.


१७ जानेवारी, शनिवार

आज सगळं केलं. टॅपेट सेट केले, कॉइलचं अंतर पाह्यलं, एअर फिल्टर बदलला, ऑइल बदललं, आणखी एक नवीन प्लग टाकला. सलाईनवर दिवसभर पळालं. देवीदास म्हणे, "आता फक्त रंग द्याचा राह्यला."


१८ जानेवारी, रविवार

गॅरेज बंद. कपडे धुतले. इंजनाचाच विचार.


१९ जानेवारी, सोमवार

सकाळी काकूचा फोन. छब्बीस जानेवारीचं फूल झाडावर हाय अन् झाडं माना टाकून राह्यलेत. शाळा, ऑफिसं, सगळ्याइचे हार सांगेल हायेत. काकूचे घरधनी रामरावकाका रोज सकाळी फुलं घेऊन अमरावतीले जातेत, त्याइनं तथीबी शब्द देऊन ठेवला. "तुह्या नावानं दोन घागरी डोक्यावर वाहून राह्यली," काकू म्हणे. "माहं डोकं चपटं झालं तं भरून देजो!"

मी घाईघाईनं इंजन गाडीले बांधाले निघालो. भाऊनं हाक मारली, "थांब. काय होतं त्याले?"

"भाऊ, सगळंच बदललं."

"मी काय बदललं इचारलं नाई. काय होतं?"

मी बांधायची दोरी खाली ठेवली.

"जुना प्लग काढला तवा त्याचं तोंड पाह्यलं होतं?"

मी म्हटलं, नाई भाऊ, काढला अन् ठेवून देला.

"वर पाह्य."

वर पाह्यलं. माह्याच डोक्यावर इतके दिवस लटकून राह्यले! दोन्ही प्लगचे तोंड पांढरे. चुन्यावानी पांढरे! जास्त पेट्रोल पिते त्याचं तोंड काळं पडते, तब्येतीत असलं तं बिस्किटाच्या रंगाचं. अन् पांढरं म्हणजे उपाशी. हे मले भाऊनं पहिल्याच हप्त्यात शिकवलंतं. मले वाटलं, माह्यावर लोकाइनं हासाव म्हणून टांगलेत ते.

"उपाशी हाय ते," मी म्हटलं.

"हाव. आता कोण उपाशी ठेवते ते शोध. अन् एका वेळी एकच गोष्ट बदल. पाच बदलल्या अन् बरं झालं तरी तुले समजन का कशानं झालं?"

कारबोरेटर साफ. नळी साफ. सलाईनवर दिवसभर पोटभर खाते. मंग उपास कुठी धरते?

हे मी मोठ्यानं म्हटलं असंन. कारण देवीदास मास्क वर करून म्हणे, "सलाईनवर तं कोणीबी तगते बे. घरचं जेवण काय मिळते ते पाह्य."

अन् डोक्यात ट्यूब पेटली. टाकी! मी हरेक बारीनं टाकी काढून बाजूले ठेवतो! इंजनाची परीक्षा घेतो अन् टाकीले सुट्टी देतो. गॅरेजात बाटलीवर चालते, वावरात टाकीवर मरते.

अन् मंग ते पोरगीचं आठवलं. आई झाकण उघडते अन् इंजन सुरू होते.

मी समजलो ते मले टोमणा मारून राह्यली. टोमणाबी होता. पण खरा होता!

टाकी बसवून, टाकीच्याच पेट्रोलवर चालू केलं. चहा होईलोक थांबलो. फट्. फट्फट्. चोक नाई, प्लग नाई, काहीच नाई हात लावला. फक्त झाकण सैल केलं —

फुस्स्स्!

टाकीनं असा श्वास घेतला का देवीदासनंबी आयकला. अन् इंजन पळाले लागलं.

झाकणावर बारीक भोक असते. पेट्रोल खाली जाते तशी तथून हवा आत यायले पाह्यजे. नाई आली तं पेट्रोल उतरतच नाई. ते भोक मी शोधलं, सापडेना. झाकणावर लाल जाड थर. मी तं आजलोक रंग समजलो होतो. नखानं खरवडला. तेल. कुंकू. तेल. कुंकू. सालाभराचं!


२० जानेवारी, मंगळवार

इंजन वावरात नेलं. झाकण मुद्दाम तसंच ठेवलं, काकूले दाखवाले.

मी म्हटलं, "काकू, हे कुंकू कोण लावते?"

"मीच लावते. रोज सकाळी. दिवसभर राबते बिचारं, त्याले मान नको? कोरडं कुंकू हवेनं उडते म्हणून तेलात कालवते."

"झाकणावरच काहून?"

"सगळ्यात वर तेच हाय. कपाळ समजून लावलं."

"काकू, ते कपाळ नाई, नाक हाय. तुमी रोज नाक दाबून त्याले म्हणता, पळ!"

ज्योत्स्नाच्या हातातलं फूल सुटलं. हसता हसता तिले ठसका लागला. काकू माह्याकडं पाहे, पोरगीकडं पाहे, इंजनाकडं पाहे. मंग इंजनाजवळ गेली अन् त्याले हात लावून म्हणे, "माय वं! सांगायचं नाई का रे मले!" इंजनाले! मले नाई.

ज्योत्स्नानं हाराची सुई देली. त्या सुईनं भोक मोकळं केलं. लाल भुगा पडला. आता कुंकू कुठी लावायचं यावर मोठी चर्चा झाली. मी म्हटलं, बाजूले लावा.

"कपाळ सोडून गालाले लावू? तुह्या इंजनाची होळी हाय का?"

शेवटी दोरीच्या मुठीवर ठरलं. काकूनं तवाच लावलं, हात भरून. मी दोरी ओढली. पाणी सुरू. सगळा चहा झाला, दुसरा चहा झाला, पाणी सुरूच. झेंडूच्या सरीतून पाणी पळून राह्यलं अन् काकू त्याच्या मागं मागं पळून राह्यली.

मंग बसून काकूचे मले सवाल. घरी कोण कोण हाय? वावर कोणतं? कोणत्या गावचे पाहुणे? बार्शीटाकळीले आमच्या मावसबहिणीचं सासर हाय, ओळखतं का? बाप काय लावते, झेंडू का शेवंती? मी सांगतलं, दोन्ही, अन् वांगे. "बापाचा नंबर दे. शेवंतीचं बेणं इचारते."

नंबर देला.

गॅरेजात आलो तं देवीदासनं माहा हात पाह्यला. लालभडक. "काय बे, सर्व्हिसिंगले गेलता का साखरपुड्याले?"


२६ जानेवारी, सोमवार

काकूनं गॅरेजले हार पाठवला. सोपटाचा एक, रिळाच्या दोऱ्याचा एक. भाऊनं दोन्ही शटरले बांधले. माह्या डोक्यावरचा एक प्लग काढला. दुसरा?

"राहू दे. नजर लागायची नाई."


२९ जानेवारी, गुरुवार

कोणाचंच इंजन बिघडून नाई राह्यलं. मोर्शीतले लोकं लयच संभाळून वापरतेत.


३० जानेवारी, शुक्रवार

देवीदास म्हणे, तू आजकाल नाल्याकडच्या रस्त्यानं काहून येतं, ते लांब पडते. मी म्हटलं रस्ता चांगला हाय. म्हणे, रस्ता तं खोदून ठेवला.


३ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊच्या फोनवर काकूचा फोन. इंजन बंद पडलं. तसंच. फट् अन् फट्.

भाऊनं फोन ठेवला. माह्याकडं पाह्यलं नाई, भिंतीकडं पाह्यलं. "सकाळी जाऊन पाह्य," एवढंच.

भोक तं मोकळं केलंतं! माह्या हातानं! मंग काय राह्यलं? टाकीत पाणी? कॉइल गरम होऊन मरते? का मी समजलो तेच चुकीचं होतं?

बॅग भरली. कपडे थोडेच हायेत. हरेक गावातून निघताना बॅग भराले मले मजा वाटे. आज चेन लागेना.


४ फेब्रुवारी, बुधवार

बॅग घेऊनच गॅरेजात गेलो, कोपऱ्यात ठेवली. भाऊनं पाह्यली अन् पाना उचलला. मंग वावरात.

काकू मेरेवर उभी, आभाळाकडं पाहून. ज्योत्स्ना खाली मान घालून ओवून राह्यली.

या बारीनं घाई केली नाई. प्लग काढला, तोंड पाह्यलं. पांढरट. उपाशी! झाकण सैल केलं — फुस्स्! सुरू झालं. झाकण हातात घेऊन डोळ्याजवळ नेलं. कुंकू नाई. तेल नाई. स्वच्छ पुसेल. पण भोकात काहीतरी ठासून बसेल.

सुई मागितली. बारीक टोक निघालं, ओढलं. दोरा! वर अन् खाली, दोन्हीकून गाठ मारून पक्का बसवेल.

मले वाटलं, हे पोरगीचंच काम! मी हळूच ज्योत्स्नाकडं पाह्यलं. मंग पुन्हा दोऱ्याकडं.

पांढरा रिळाचा नव्हता. केळीच्या सोपटाचा होता.

"काकू," मी म्हटलं, "हे कोणं केलं?"

"उंदरं लय झालेत या साली," काकू आभाळाले म्हणे.

"उंदराले गाठ मारता येते?"

"वावरातल्याले येते." अन् एकदम मोठ्यानं, "दोन हप्ते झाले, चांगलं चालून राह्यलं इंजन! मंग मिस्तरी येईन कायले? घरात पोरगी ना हसे ना भांडे. हार सगळे वाकडे!"

"आई!" ज्योत्स्ना उठली. कानापर्यंत लाल, कुंकवाच्या मुठीवानी. टोपलं उचललं, दोन पावलं गेली अन् थांबली. माह्याकडं पाठ करूनच म्हणे —

"मले सकाळीच दिसलं होतं ते. काढलं नाई."

अन् गेली.

मी किती वेळ ते झाकण धरून उभा होतो कोण जाणे. इंजन झाकणाशिवायच पळून राह्यलं होतं.

गॅरेजात भाऊनं इचारलं, "कशानं बंद होतं?"

मनात आलं, काहीतरी ठोकून द्यावं. पण भाऊसमोर खोटं टिकत नाई. "केळीच्या सोपटानं."

भाऊनं मले पाह्यलं. माह्या बॅगकडं पाह्यलं. शटरवरच्या वाळलेल्या हाराकडं पाह्यलं. त्याची मिशी हालली.

"हा इंजनाचा फॉल्ट नाई," म्हणे. "याचा प्लग टांगता येत नाई. बॅग उचल कोपऱ्यातून, कॉम्प्रेसरची जागा हाय ते."


८ फेब्रुवारी, रविवार

बाबाचा फोन. मी जवाब तयारच ठेवला होता — मोर्शीत हाय बाबा, मोर्शीतच.

त्यानं इचारलंच नाई. म्हणे, "त्या काकूचा फोन आलता, शेवंतीचं बेणं इचाराले. मोर्शीले सकाळची कोणती बस येते बे? तुह्या आईले उलटी होते, खिडकीची जागा पाह्यजे."